चॅनेल बदलताना: नव्या अँकर-रिपोर्टरांनी काय पाहावं, काय मागावं, काय सोडून यावं

मराठी बातम्यांच्या चॅनेलमध्ये दोन-तीन वर्षं काढली की प्रत्येकाच्या डोक्यात हा विषय घोळायला लागतो. कॅन्टीनमध्ये कुणी तरी सांगतं, ‘तिकडे जागा निघालीय.’ मग दोन दिवस झोप नाही. हा लेख त्या दोन दिवसांसाठी आणि त्यानंतरच्या तीन-चार महिन्यांसाठी आहे. डेस्कवर, फील्डवर किंवा स्टुडिओत एक ते चार वर्षं झालेल्यांना नजरेसमोर ठेवून तो लिहिलाय.

आधी हे जग किती लहान आहे ते लक्षात घ्या. झी २४ तास आणि स्टार माझा (आताचं एबीपी माझा) २००७ मध्ये आले. आयबीएन लोकमत (आताचं न्यूज१८ लोकमत) आणि साम २००८ मध्ये आले, टीव्ही९ त्याच्या पुढच्या वर्षी. आज बहुतेक न्यूजरूममध्ये वरच्या खुर्च्यांवर बसलेली माणसं याच चार-पाच ठिकाणांतून निघाली आणि एकमेकांच्या हाताखाली काम करून पुढे गेली. तुमच्या इनपुट हेडनं (बातम्या गोळा करण्याचं काम पाहणाऱ्या प्रमुखानं) ज्याच्याबरोबर सात वर्षं नाइट शिफ्ट काढली, तोच उद्या तुमची मुलाखत घेणार आहे. मुलाखतीहून तुम्ही ऑफिसला पोहोचण्याआधी बातमी तिथे पोहोचलेली असू शकते. म्हणून इथे गुपचूप चॅनेल बदलण्याच्या, म्हणजे ‘शिफ्ट’ करण्याच्या, युक्त्या सांगत बसत नाही. उघडं पडलं तरी अडचण होणार नाही, अशा रीतीनं सगळं करायचं.

पायरी १: का जायचंय, ते आधी कागदावर लिहा

कारणं तीनच असतात: पैसा, जागा आणि जाच. तिन्हींची औषधं वेगळी आहेत.

पैसा हे कारण असेल तर त्यात लाजण्यासारखं काही नाही. जागच्या जागी मिळणारी वार्षिक वाढ तुटपुंजी असते आणि खरी उडी शिफ्ट करतानाच मिळते, हे या धंद्यातलं उघड सत्य आहे. फक्त उडी किती ते नीट मोजा. त्याचा हिशेब पुढे येईल.

जागा म्हणजे काम. तुम्हाला राजकीय बीट (ठरावीक विषयाच्या बातम्यांची जबाबदारी) हवंय आणि गेली दोन वर्षं हवामान आणि लोकल ट्रेनच्या लाइव्हवर उभं केलं जातंय. किंवा अँकर व्हायचंय आणि पहाटे पाचच्या बुलेटिनपुढे गाडी सरकत नाही. हे जाण्याचं सगळ्यात चांगलं कारण, कारण त्यात नव्या ठिकाणी नेमकं काय मागायचं ते ठरलेलं असतं.

जाच असेल तर जरा थांबा. एका बॉसमुळे चॅनेल सोडणाऱ्यांपैकी कितीतरी जणांच्या वाट्याला सहा महिन्यांत तोच बॉस नव्या चॅनेलमध्ये येतो. ही थट्टा वाटेल, पण वर सांगितलेल्या लहान जगाचा तो सरळ परिणाम आहे. कामाची वेळ बदलून, ब्युरो बदलून, डेस्कवरून फील्डवर जाऊन सुटका होते का, ते आधी पाहा. प्रकरण छळाचं असेल तर मात्र लेखी तक्रार करा. तिथे चॅनेल बदलणं हा उपाय नव्हे. महिलांच्या लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत तक्रार समिती असणं दहा किंवा अधिक माणसांच्या प्रत्येक ठिकाणी बंधनकारक आहे.

मोठ्या नावांच्या उड्या पाहून मात्र काही ठरवू नका. सुधीर चौधरी २०२२ मध्ये झी न्यूजवरून आज तकवर गेले आणि २०२५ मध्ये डीडी न्यूजवर. राहुल शिवशंकर २०२३ मध्ये टाइम्स नाऊ सोडून सीएनएन-न्यूज१८ मध्ये आले. आपल्याकडे उदय निरगुडकर झी २४ तासचे संपादक होते, पुढे न्यूज१८ लोकमतचे झाले. या पातळीवर अख्खा कार्यक्रम, टीम आणि वेळ यांचा सौदा होतो, करार वकील वाचतात. तुमच्या-माझ्यासाठी एचआरनं पाठवलेली तीन पानांची पीडीएफ असते आणि ती आपणच वाचायची असते.

पायरी २: तुमचं काय आणि चॅनेलचं काय, ते वेगळं करा

नवखे सगळ्यात जास्त गडबड इथेच करतात, म्हणून इथे जरा थांबू.

तुमचा आवाज, भाषा, बीटची समज आणि सोर्स (बातमी देणारी माणसं) तुमचे. फूटेज, रॉ टेप, सर्व्हरवरच्या फाइल, कार्यक्रमाचं नाव, ग्राफिक्स आणि बूम (चॅनेलचं नाव असलेला माइक) हे सगळं चॅनेलचं. नोकरीत असताना केलेल्या कामाचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, नोकरी देणारा असतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं सतरावं कलम हेच सांगतं. तुम्ही रात्रभर पावसात उभं राहून शूट केलं असेल, तरीही.

याचं गाजलेलं उदाहरण अर्णब गोस्वामींचं. त्यांनी नोव्हेंबर २०१६ मध्ये टाइम्स नाऊचा राजीनामा दिला आणि ६ मे २०१७ रोजी रिपब्लिक टीव्ही सुरू झाला. काही दिवसांतच टाइम्स समूहानं मुंबई पोलिसांत तक्रार दिली. आपल्याकडे नोकरीत असताना मिळवलेल्या ध्वनिफिती नव्या चॅनेलवर वापरल्या, असा आरोप त्यात होता. ‘नेशन वाँट्स टू नो’ या पालुपदावरही वाद गेला. २०२० मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं अंतरिम आदेशात ते बोलण्यात वापरायला मुभा दिली, पण ‘न्यूज अवर’ हे नाव वापरायला मनाई केली. वर्षानुवर्षं स्वतःच्या तोंडी असलेल्या वाक्यावरही कोर्टात जायची वेळ येते, तर पेनड्राइव्हमध्ये भरलेल्या फूटेजचं काय होईल ते सांगायला नको.

मग शोरील (आपल्या कामाच्या नमुन्यांचा व्हिडिओ) कशाची करायची? जे प्रसारित झालंय आणि चॅनेलनं स्वतः यूट्यूबवर टाकलंय, त्याच्या लिंक जमवा. तारीख, विषय आणि तुम्ही कितव्या मिनिटाला दिसता, हे एका शीटमध्ये नोंदवत जा. राजीनाम्याच्या आठवड्यात ही शोधाशोध करू नका, दर महिन्याच्या शेवटी करा. व्हिडिओ उडवले जातात, शीर्षकं बदलतात, कधी अख्खं यूट्यूब चॅनेल नव्या नावानं येतं.

शोरील अडीच-तीन मिनिटांच्या वर नको. पाहणारा माणूस मोबाइलवर, दोन मीटिंगच्या मध्ये पाहतो. रिपोर्टरनं सुरुवात सजवलेल्या पीटीसीनं (कॅमेऱ्याकडे पाहून बोललेल्या तुकड्यानं) करू नये. सुरुवातीला ब्रेकिंगचं लाइव्ह ठेवा, ज्यात माहिती अर्धवट आहे, मागे गोंधळ आहे आणि तुम्ही तरीही सलग, न अडखळता, खोटं न बोलता पंचेचाळीस सेकंद काढलेत. मग एक वॉकथ्रू (जागेवर फिरत, दाखवत केलेलं वार्तांकन), एक स्वतः शोधलेली स्टोरी, आणि शेवटी पीटीसी. अँकरनं प्रॉम्प्टर बंद पडलेला किंवा प्रॉम्प्टरवर काहीच नसलेला तुकडा शोधावा. टेलिप्रॉम्प्टर वाचता येतो की नाही, हे कुणालाच पाहायचं नसतं. रिपोर्टरबरोबरच्या टिकटॅकमध्ये (लाइव्ह प्रश्नोत्तरांत) तुम्ही पुढचा प्रश्न ऐकून विचारता की आधी ठरवलेला विचारता, ते पाहायचं असतं.

मोबाइल नंबरचा मुद्दा साधा वाटतो, पण तो सगळ्यात महाग पडतो. कंपनीनं दिलेलं सिम तुम्ही तीन वर्षं वापरलंत, अधिकारी, पीआय, आमदारांचे पीए, सगळ्यांकडे तोच नंबर. शेवटच्या दिवशी सिम जमा. दुसऱ्या दिवशी तुमचे सोर्स तुमच्या जागी आलेल्या माणसाला फोन करतात. पहिल्या दिवसापासून सोर्सशी स्वतःच्या नंबरवरून बोला.

सोशल मीडियाच्या हँडलचंही तसंच. २०११ मध्ये बीबीसीच्या लॉरा कुन्सबर्ग आयटीव्हीत गेल्या, तेव्हा त्यांच्या ट्विटर हँडलमध्ये बीबीसीचं नाव होतं. त्यांनी हँडलचं नाव बदललं आणि सुमारे साठ हजार फॉलोअर्स त्यांच्याबरोबर गेले. खातं नक्की कुणाचं, यावर मोठी चर्चा झाली. तुमच्या हँडलमध्ये चॅनेलचं नाव नकोच. ओळखीच्या ओळीत लिहा, ती एका मिनिटात बदलता येते.

पायरी ३: जिथे जायचंय तिथला वास घ्या

तिथे असलेल्यांना विचारण्यापेक्षा तिथून निघालेल्यांना विचारा. असलेला माणूस एक तर तुम्हाला ओढायला पाहतो किंवा जागेत स्पर्धक नको म्हणून घाबरवतो. प्रश्न नेमके विचारा: पगार कुठल्या तारखेला होतो आणि गेल्या वर्षात किती वेळा उशीर झाला? साप्ताहिक सुट्टी खरंच मिळते का? नाइट शिफ्टला ड्रॉप आहे का? राजीनामा दिलेल्यांचा फुल अँड फायनल (शेवटचा हिशेब) किती दिवसांत झाला? या शेवटच्या प्रश्नाच्या उत्तरात कंपनीचा स्वभाव कळतो.

मालक कोण, हेही पाहा. चॅनेलचं नाव आणि मालक बदलला की न्यूजरूममध्ये काय होतं, हे आपण पाहिलंय. २०१४ मध्ये नेटवर्क१८ रिलायन्सकडे गेलं, त्याच उन्हाळ्यानंतर राजदीप सरदेसाई आणि आयबीएन लोकमतचे संपादक निखिल वागळे बाहेर पडले. २०२२ च्या अखेरीस एनडीटीव्ही अदानी समूहाकडे गेलं आणि रवीश कुमार बाहेर पडले. संपादक गेला की त्यानं आणलेली माणसं हळूहळू विरघळतात. तुम्हाला बोलावणारा संपादक स्वतः तिथे किती टिकणार, हा प्रश्न म्हणून उद्धट वाटला तरी मनात ठेवायलाच हवा.

चॅनेल नवं असेल तर गणित वेगळं. १ मे २०२४ ला एनडीटीव्ही मराठी सुरू झालं, त्याच्या आदल्या वर्षी पुढारी न्यूज. नवं चॅनेल येतं तेव्हा हुद्दे आणि पगार सैल हातानं दिले जातात, कारण तयार माणसं हवी असतात. तीन वर्षांच्या माणसाला एरवी सहा वर्षांनी मिळणारी बीट मिळते. लाँचच्या टीममध्ये शिकायला मिळतं ते जुन्या ठिकाणी कधीच मिळत नाही: रनडाऊन (बुलेटिनमधल्या बातम्यांचा क्रम) कसा बसतो, ब्युरो कसा उभा राहतो, ड्राय रनमध्ये (प्रसारणाआधीच्या तालमीत) काय फाटतं. माझं मत विचाराल तर तिशीच्या आत एक लाँच करावाच. पण पैसा कुठल्या धंद्यातून येतोय ते पाहून. बातमीशी काडीचा संबंध नसलेल्या उद्योगाच्या जोरावर निघालेली आणि निवडणूक संपली की पगार थकवणारी चॅनेलं मराठीनं पाहिली आहेत. मोठं नाव असलं म्हणून हमी मिळते असंही नाही. ऑगस्ट २०१३ मध्ये टीव्ही१८ समूहानं तीनशेहून अधिक माणसांना एका झटक्यात घरी पाठवलं होतं.

आता जिल्ह्यांतल्या मित्रांसाठी. ‘जिल्हा प्रतिनिधी नेमणे आहे’ अशी जाहिरात, मग आयडी कार्ड आणि बूमसाठी डिपॉझिट, मग वर्षाला अमुक जाहिराती आणण्याचं टार्गेट. हे ज्यात आहे ती नोकरी नाही. तुम्ही त्यांचे ग्राहक आहात आणि उद्या खंडणीच्या तक्रारीत नाव येईल तेव्हा ते तुम्हाला ओळखणारही नाहीत. स्ट्रिंगर (बातमीमागे पैसे घेणारा वार्ताहर) म्हणून काम करायला हरकत नाही, अनेक चांगले रिपोर्टर तिथूनच वर आले. स्टोरीमागे किती, लाइव्हमागे किती, पैसे किती दिवसांनी आणि प्रवासखर्च कुणाचा, हे ईमेलवर घ्या म्हणजे झालं.

ऑफर खरी आहे का, हे तपासणं हास्यास्पद वाटत असेल तर निधी राजदान यांचं उदाहरण वाचा. एनडीटीव्हीत एकवीस वर्षं काढलेल्या या पत्रकारानं २०२० मध्ये हार्वर्डमध्ये शिकवण्याच्या ऑफरवर नोकरी सोडली. जानेवारी २०२१ मध्ये त्यांनी स्वतः जाहीर केलं की तो सगळा ऑनलाइन फसवणुकीचा प्रकार होता. ईमेलचा डोमेन पाहा, कंपनीच्या बोर्ड नंबरवर फोन लावून एचआरमधल्या त्या माणसाचं नाव विचारा. पाच मिनिटांचं काम आहे.

पायरी ४: मुलाखत आणि स्क्रीन टेस्ट

अँकरची स्क्रीन टेस्ट बहुतेक ठिकाणी अशी असते: पाच मिनिटांचं बुलेटिन वाचायला देतात, मध्येच कानात ‘ब्रेकिंग आहे, दोन मिनिटं खेच’ म्हणतात. तेव्हा माहिती संपली की बहुतेक जण तेच वाक्य उलटसुलट करत राहतात. संपलेल्या माहितीनंतर पार्श्वभूमीवर जा: ही जागा कुठे आहे, याआधी इथे काय झालं होतं, आता प्रशासनाकडून कुठली माहिती येणं बाकी आहे. महाराष्ट्राचा नकाशा, मंत्रिमंडळ आणि मतदारसंघ पाठ असतील तर दोन मिनिटं सहज निघतात. कपडे एकरंगी आणि गडद, बारीक रेघांचे नकोत, कॅमेऱ्यात त्या थरथरतात. हिरवा तर नकोच, पाठीमागे क्रोमा (हिरवा पडदा, ज्याच्या जागी दुसरं चित्र बसवतात) असतो.

रिपोर्टरला ‘या आठवड्यातल्या तीन स्टोरी आयडिया सांग’ म्हणतात. इथे एक सापळा आहे. सध्याच्या चॅनेलमध्ये मीटिंगला मांडलेली, अजून न गेलेली स्टोरी तिथे सांगू नका. ती ऐकून समोरचा खूश होईल आणि मनात नोंद करील की हा आपल्याही स्टोरी बाहेर सांगणार.

‘का सोडताय?’ या प्रश्नाला खरं पण एका वाक्यात उत्तर द्या. ‘मला मंत्रालय बीट करायचंय, तिथे जागा नाही.’ संपलं. सध्याच्या बॉसबद्दल एक शब्द नको. आणि तुम्हीही विचारा: नेमकी बीट कोणती, रिपोर्टिंग कुणाला, शिफ्ट कोणती, या जागेवर आधी कोण होतं आणि ते का गेले. हुद्द्याच्या नावावर भाळू नका. एका चॅनेलचा सीनियर करस्पॉन्डन्ट म्हणजे दुसऱ्याचा साधा रिपोर्टर असतो, आणि प्रोड्युसर हा शब्द तर प्रत्येक मजल्यावर वेगळ्या अर्थानं वापरतात. तोंडी कबूल झालेली बीट नियुक्तिपत्रात येत नाही. म्हणून मुलाखतीनंतर आभाराचा ईमेल पाठवताना त्यात बोलणं झालेले मुद्दे सौम्य भाषेत लिहून टाका. उत्तर ‘ओके’ एवढंच आलं तरी पुरतं.

पायरी ५: आकडा आणि करार

सीटीसीचा (कंपनीला तुमच्यावर येणाऱ्या एकूण खर्चाचा) आकडा ऐकून पेढे वाटू नका. समजा वार्षिक सीटीसी ६ लाख, म्हणजे महिना ५०,०००. मूळ वेतन २५,००० धरलं तर कंपनीचा पीएफचा हिस्सा ३,००० आणि ग्रॅच्युइटीची तरतूद साधारण १,२०० त्यातच धरलेली असते. मग तुमच्या हिश्श्याचा पीएफ ३,००० आणि व्यवसाय कर २०० कापून हातात उरतात सुमारे ४२,६००. त्यातला दहा टक्के भाग ‘व्हेरिएबल’ असेल तर दरमहा हातात येतात ३७,६००, आणि व्हेरिएबल वर्षाअखेरीस कंपनीची मर्जी असेल तसं.

हेच ५०,००० रिटेनरवर (नोकरीऐवजी दरमहा मानधनाच्या करारावर) मिळाले तर १० टक्के टीडीएस कापून ४५,००० हातात येतात आणि विवरणपत्र भरल्यावर कापलेला करही परत मिळू शकतो. म्हणून नवख्यांना रिटेनर गोड वाटतो. पण त्यात पीएफ नाही, ग्रॅच्युइटी नाही, बहुधा मेडिक्लेमही नाही, आणि गृहकर्जाच्या वेळी बँक तोंड वाकडं करते. दंगल, पूर, आंदोलन कव्हर करणाऱ्या माणसानं विम्याशिवाय फील्डवर जाऊ नये, हे माझं ठाम मत आहे. रिटेनरवर जायचंच असेल तर आरोग्य आणि अपघात विमा स्वतः काढा आणि त्याचा हप्ता मागायच्या आकड्यात मिळवा.

पगाराच्या वाटाघाटीत सध्याची सॅलरी स्लिप मागतात. आकडा फुगवून सांगू नका, स्लिप आणि बँक स्टेटमेंट दोन्ही मागतात. त्याऐवजी नाइट अलाऊन्स, प्रवासभत्ता, फोनबिल, आगामी वाढीचं पत्र, हे सगळं धरून ‘सध्या एवढं पडतं’ असं सांगा.

करारात तीन कलमं शोधा. पहिलं नोटीस पिरियड: तुम्ही सोडताना ९० दिवस आणि त्यांनी काढताना ३० दिवस, असं एकतर्फी असेल तर विचारा तरी. दुसरं बाँड: अमुक काळाआधी सोडलं तर अमुक रक्कम. ‘बाँड कोर्टात टिकत नाहीत’ असं कट्ट्यावर सांगतात, त्यावर विसंबू नका. विजया बँकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं मे २०२५ मध्ये तीन वर्षांच्या किमान सेवेचा आणि २ लाखांचा बाँड वैध ठरवलाय. तिसरं स्पर्धक चॅनेलमध्ये न जाण्याचं कलम. नोकरी सुटल्यानंतरही स्पर्धकाकडे काम करायचं नाही, अशी बंदी १८७२ च्या करार कायद्याच्या २७ व्या कलमापुढे सहसा टिकत नाही. नोकरी चालू असतानाची बंदी मात्र टिकते. म्हणजे नोटीस पिरियडमध्ये नव्या चॅनेलसाठी ‘फक्त एक फोनो’सुद्धा (फोनवरून लाइव्ह) देऊ नका.

ग्रॅच्युइटीचं एक. छापील वर्तमानपत्रातल्या श्रमिक पत्रकारांना १९५५ च्या कायद्यानं जे संरक्षण होतं ते टीव्हीवाल्यांना कधी मिळालं नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता लागू झाल्या. त्यांत पत्रकाराच्या व्याख्येत इलेक्ट्रॉनिक माध्यम आलं आणि ठरावीक मुदतीच्या करारावर असलेल्या कर्मचाऱ्याला एका वर्षानंतर ग्रॅच्युइटीची तरतूद झाली. कायम नोकरीत सर्वसाधारण अट पाच वर्षांची आहे, श्रमिक पत्रकारांसाठी ती तीन वर्षांची ठेवलीय; तुम्हाला कोणती लागू होते ते एचआरला विचारा. अट पुरी व्हायला थोडेच महिने उरले असतील तर शिफ्टची तारीख ठरवण्याआधी एचआरच्या कॅलेंडरकडे एक नजर टाका.

पायरी ६: पेपर टाकणं (राजीनामा देणं) आणि निघणं

क्रम चुकवू नका. आधी सही केलेलं लेखी ऑफर लेटर, मगच राजीनामा. ‘तू टाक पेपर, लेटर येतंय’ या वाक्यावर विश्वास ठेवून घरी बसलेली माणसं प्रत्येक न्यूजरूमला माहीत आहेत.

ईमेल पाठवण्याआधी थेट बॉसला भेटून सांगा. संपादकाला तुमचा राजीनामा दुसऱ्या चॅनेलच्या संपादकाकडून कळला तर पुढचे दोन महिने अवघड जातात. ईमेल चार ओळींचा: राजीनामा देत आहे, नोटीसप्रमाणे शेवटचा दिवस अमुक, हस्तांतर करून देईन, आभार. तक्रारींचं पान त्यात नको.

मग येते काउंटर ऑफर. ‘काय हवंय ते सांग, करून देतो.’ जागा हे कारण असेल आणि ती जागा तारखेसह लेखी मिळत असेल तर विचार करा. नुसता पैसा वाढवून देत असतील तर लक्षात घ्या, काल तो पैसा होता आणि तरी तो तुम्हाला दिला नव्हता.

अँकर असाल तर राजीनामा दिला त्याच आठवड्यात स्क्रीनवरून उतरवलं जाण्याची तयारी ठेवा. जाणाऱ्या चेहऱ्यावर कुणी वेळ खर्च करत नाही. त्यात अपमान मानू नका. डेस्कवर बसवतील, बसा, कॉपी लिहा. रिपोर्टरचा बूम काढून घेतील आणि ‘असाइनमेंटला मदत कर’ म्हणतील. नोटीस कमी करून हवी असेल तर बायआउट (उरलेल्या दिवसांचे पैसे भरून लवकर सुटणं) विचारा आणि तो पैसा नवं चॅनेल देतं का तेही विचारा, अनेकदा देतात. निवडणूक, अधिवेशन किंवा वारीच्या ऐन मध्यात नोटीस संपत असेल तर चार-आठ दिवस पुढे-मागे करण्याची तयारी तुम्ही दाखवा. लोक हे वर्षानुवर्षं लक्षात ठेवतात.

लॉगिन बंद होण्याआधी सगळ्या सॅलरी स्लिप, फॉर्म १६ आणि वाढीची पत्रं उतरवून घ्या. एचआर पोर्टल शेवटच्या दिवशी संध्याकाळी बंद होतं आणि मग एका स्लिपसाठी दहा ईमेल करावे लागतात. लॅपटॉप, बूम, बॅकपॅक युनिट (लाइव्ह पाठवण्याचं यंत्र), आयडी कार्ड परत केल्याची पोच लेखी घ्या. रिलिव्हिंग लेटर आणि अनुभवपत्र ही दोन वेगळी पत्रं, दोन्ही मागा. श्रमसंहितेनुसार राजीनामा दिलेल्याचं वेतन दोन कामकाजाच्या दिवसांत द्यायचं आहे. प्रत्यक्षात पाठपुरावा करावाच लागतो. पीएफसाठी यूएएन (पीएफचा कायमचा क्रमांक) तोच राहतो, तोच नव्या कंपनीला द्या आणि जुनी रक्कम ट्रान्सफर करा, काढून खाऊ नका. जुन्या कंपनीनं नोकरी सोडल्याची तारीख भरली नाही तर शेवटच्या हप्त्यानंतर दोन महिन्यांनी ती स्वतः ऑनलाइन भरता येते.

अधिस्वीकृती (सरकारनं दिलेली पत्रकाराची ओळख) असणाऱ्यांनी एक गोष्ट विसरू नये: ती पत्रिका संस्थेच्या शिफारशीवर मिळालेली असते. चॅनेल बदललं की माहिती व जनसंपर्क कार्यालयाला कळवून नव्या संस्थेमार्फत प्रक्रिया करावी लागते. विधिमंडळाच्या पासचंही तेच. अधिवेशनाच्या तोंडावर शिफ्ट केलंत तर पास नसलेला राजकीय रिपोर्टर म्हणून गेटबाहेर उभे राहाल.

पायरी ७: नव्या घरातले पहिले तीन महिने

साइन ऑफला (बातमीच्या शेवटी स्वतःचं आणि चॅनेलचं नाव सांगताना) जुन्या चॅनेलचं नाव तोंडात येतं. लाइव्हमध्ये, हमखास, आणि बहुतेक वेळा कॅमेरामनच्या नावानंतर. पहिल्या आठवड्यात प्रत्येक लाइव्हआधी नवा साइन ऑफ तीनदा मोठ्यानं म्हणा. अँकरनी बुलेटिनचं नाव प्रॉम्प्टरवर ठळक टाकून घ्यावं.

‘आमच्याकडे आम्ही असं करायचो’ हे वाक्य तीन महिने बंद. प्रत्येक चॅनेलची कॉपी वेगळी असते. कुठे ‘मृत्यू’ लिहितात, कुठे ‘दुर्दैवी अंत’. कुठे नेत्याला ‘साहेब’ चालतं, कुठे आडनावावर थांबतात. आठवडाभर जुनी बुलेटिनं पाहा आणि शिका.

सोर्सचं मात्र पहिल्याच आठवड्यात. व्हॉट्सअॅपवर ‘मी आता अमुक चॅनेलमध्ये’ असा एक मेसेज सगळ्यांना ढकलू नका. महत्त्वाच्या वीस-पंचवीस जणांना फोन करा, त्यातल्या पाच-सहांना जाऊन भेटा. पीआरओंच्या ग्रुपमध्ये तुमचं नाव नव्या चॅनेलसह बदलून घ्या, नाहीतर पत्रकार परिषदेचं निमंत्रण जुन्या नावानं येत राहतं किंवा येतच नाही. इथे एक गोष्ट उघड होईल: काही फोन उचलले जाणार नाहीत. जो आमदार मोठ्या चॅनेलच्या बूमला बाईट द्यायचा, तो लहान बूम पाहून गाडीत बसेल. जे उरले ते तुमचे सोर्स. बाकीचे बूमचे होते. या यादीवरून पुढच्या वर्षभराचं काम ठरवा. फोन न उचलणाऱ्या आमदाराच्या मागे लागण्यापेक्षा त्याच्या मतदारसंघातला तलाठी, शाखा अभियंता, ठाण्यातला हवालदार जोडा. त्यांना बूमचा आकार दिसत नाही.

फील्डवर जुने सहकारी रोज भेटतील. हुकलेला बाईट ते देतील, लाइव्हला जागा करून देतील, तुम्हीही द्या. एक्सक्लुझिव्ह तेवढी आपापल्या खिशात. कॅमेरामनशी नीट वागा, नव्या ठिकाणी तुमची पहिली प्रतिमा तोच ऑफिसात पोहोचवतो. रेटिंगचे आकडे येतात त्या गुरुवारी कुणी तुमच्या येण्याशी आकडे जोडले तर वरखाली काहीही असो, हसून सोडून द्या. एका रिपोर्टरमुळे आकडा हलत नाही.

हिंदी ब्युरोकडे किंवा यूट्यूबकडे जायचं असेल तर थोडक्यात. राष्ट्रीय हिंदी चॅनेलला मुंबईत मराठी समजणारा रिपोर्टर लागतोच, पण तिथे महाराष्ट्राची बातमी दिल्लीला पटवून द्यावी लागते आणि अनेकदा पटत नाही. हिंदीचं लिंग-वचन पक्कं नसेल तर आधी सहा महिने त्यावर घालवा. स्वतःच्या यूट्यूब चॅनेलवर रवीश कुमार गेले, कारण त्यांच्यामागे पंचवीसेक वर्षांचा प्रेक्षक होता. चार वर्षांच्या रिपोर्टरनं ते नोकरी सोडून करू नये. नोकरीत राहून करायचं तर करारातलं बाहेरच्या कामाचं कलम वाचून, लेखी परवानगी घेऊन.

आणि परत जावंसं वाटलं तर? मराठी चॅनेलमध्ये घरवापसी नेहमीची आहे, दोन वर्षांनी मोठ्या हुद्द्यावर परतलेली माणसं प्रत्येक मजल्यावर सापडतील. अट एकच, निघताना दार आपटलेलं नसावं. परत जाताना नियुक्तिपत्रात सेवा नव्यानं सुरू झाली असंच लिहिलेलं असतं: ग्रॅच्युइटीची वर्षं पहिल्यापासून, रजा पहिल्यापासून, कधीकधी प्रोबेशनही पहिल्यापासून. प्रोबेशन तरी काढून घ्यायला सांगा. बहुतेक एचआर ते विरोध न करता काढतात.